सावलीची खिडकी

आमच्या महारुद्रकाकांना गर्व होता तो एकाच गोष्टीचा. एसटी कुठेही जाणारी असो, ऊन कुठल्या खिडकीला येणार हे ते बीडच्या स्टँडवर उभ्याउभ्या सांगत आणि बाहेरूनच रुमाल टाकून सावलीची जागा धरत. मे महिन्यात बीडच्या माणसाला ही विद्या लागतेच, पण काकांनी तिचं पार शास्त्र करून टाकलं होतं.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत ज्याला त्याला रंगीत टीव्ही हवा होता. काकांच्या दुकानातून इतके टीव्ही खपले की कंपनीने त्यांना जोडीने मुंबई-हैदराबाद विमानप्रवास बक्षीस दिला.

शांताकाकूंना हैदराबादचं काही पडलेलं नव्हतं. त्यांचं माहेर आष्टी तालुक्यात. गावाच्या कडेने रोज सकाळी एक विमान जाई. ते हैदराबादचंच, असं मास्तर सांगत. काकूंच्या आईने, जानकीबाईंनी, निरोप धाडला, "मी लाल लुगडं पसरून घरावर, माळवदावर बसते. वरून बघ मला." तेवढ्यासाठीच काकू निघाल्या.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूची देऊ?" काकू तोंड उघडणार, तोच काका पुढे सरसावले. "सकाळची येळ, चाललो उगवतीच्या जरा दक्षिणेकडं. ऊन डावीकडं येणार. उजवी द्या." पोरगी बघतच राहिली. काकांना वाटलं, थक्क झाली.

विमानात शिरल्याशिरल्या काकूंनी हवाई सुंदरीला बजावलं, "पोरी, आष्टी आली की सांग बरं." ती गोड हसली आणि लिमलेटच्या गोळ्या देऊन गेली. काका मात्र जाम खूश होते. "बघितलंस? एक तिरीप न्हाई अंगावर!"

थोड्या वेळाने पायलटचा आवाज आला. डाव्या हाताला अहमदनगर दिसत आहे, म्हणाला.

नगरनंतर आष्टी, हे बीडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काकू ताडकन उठल्या. "डाव्या हाताला? अवो, माझी आय तिकडं हाय! आग लागो तुमच्या सावलीला!"

"अगं, तिकडं ऊन लागंल!" काका ओरडले.

पण काकू पोहोचल्यासुद्धा होत्या. डाव्या खिडकीशी टाय लावलेले एक साहेब बसले होते. "दादा, सरका जरा. म्हातारी माळवदावर बसलीय माझ्यासाठी." एसटीत दोघांच्या बाकावर तिसरा मावतोच, त्या हिशेबाने काकू टेकायलाही लागल्या. साहेब गडबडून उठले आणि त्यांनी जागाच दिली.

खाली नुसतं तपकिरी रान होतं. वाडी कुठली, डोंगर कुठला, काही कळेना. लाल तर कुठेच काही नव्हतं. काकूंना रडू आलं. तरी त्या काचेला कपाळ लावून हात हलवत राहिल्या. ऊन थेट तोंडावर येत होतं.

परत आल्यावर काका-काकू आष्टीकडे गेले, तेव्हा मीही बरोबर होतो. काकूंचा चेहरा उतरलेला होता. पण जानकीबाई दारातच हसत उभ्या होत्या.

"दिसलीस गं बाई मला! हात हालवीत हुतीस न्हवं?"

काकूंनी आईला घट्ट मिठी मारली. म्हातारीने लेकीच्या खांद्यावरून काकांकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "पण जावईबापू कावून दिसले न्हाईत?"

काकूंनी डोळे पुसले. "ते सावलीला बसले हुते."