दोन सळया आणि तेजोजल

आकुर्डीतल्या आमच्या चाळीसमोरच्या सलूनमध्ये टीव्हीपुढं एवढी गर्दी, की कुणाची हजामत होईना. पडद्यावर लाल अक्षरं: 'तुमच्या नळातून मृत्यू वाहतोय का?' मागं ढोल, आणि निवेदिका बेंबीच्या देठापासून ओरडतेय. आठवडाभर वस्तीत जुलाबाची साथ होती. आरोग्य केंद्राच्या ताई दारोदार सांगत होत्या, पाणी उकळून प्या. पण त्यांच्यामागं ढोल नव्हते, मग त्यांचं ऐकतो कोण!

मग अवतरले जलसिद्ध महाराज. समोर दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांचं 'तेजोजल'. दोन्हींत वायर जोडलेल्या सळया सोडल्या. मिनिटभरात नळाचं पाणी तांबडंकाळं झालं, वर गाळ तरंगला. तेजोजल होतं तस्सं नितळ.

"हे विष पाजता लेकरांना?" महाराज गरजले. "आणि उकळू नका! उकळलं की जलातलं तेज मरतं!"

"पाहा, लाइव्ह पुरावा!" निवेदिका किंचाळली.

"आयला, सोनबाभाऊ, बघितलं का?" शेजारचा भीमराज मला म्हणाला.

मीपण तोंडात बोट घालून बघत होतो. आता स्वतःची लाज वाटते. बावीस वर्षं मी चाकणला प्लेटिंग खात्यात आहे. द्रावणात धातू सोडायचा, करंट द्यायचा, धातू झिजून त्यात उतरतो. यावरच माझं पोट चालतं. पण तेच टीव्हीवर दिसलं आणि अक्कल गहाण पडली.

भीमराजनं तेजोजलचा कॅन लावला. त्याच्या बायकोनं, प्रभावतीनं, पाणी उकळणं बंद केलं. सातव्या दिवशी त्यांच्या साक्षीला जुलाब सुरू झाले. दुसरीत होती पोर.

"वहिनी, दवाखान्यात न्या."

"विष बाहेर पडतंय भाऊ, महाराजच म्हणालेत. टीव्हीवर खोटं कसं सांगतील?" म्हणत तिनं पोरीला आणखी एक पेला पाजला.

मी मुकाट शिफ्टला गेलो. तिथं झिजलेली सळई बदलताना डोक्यात ट्यूब पेटली. तसाच पळत आलो, तर भीमराजच्या दाराला कुलूप. साक्षीला दवाखान्यात नेलं तेव्हा तिच्या अंगातलं पाणी संपलं होतं. पोर गेली.

तिसऱ्या दिवशी चॅनेलची गाडी आली. वार्ताहरानं प्रभावतीच्या तोंडापुढं माइक धरला. "आई म्हणून काय वाटतंय?"

माझं टाळकं सरकलं. मी कॅमेऱ्यासमोर टेबल ओढलं. बॅटरीचा चार्जर, दोन लोखंडी खिळे आणि भीमराजच्या कॅनमधलं उरलेलं तेजोजल. करंट दिला. तेजोजल तांबडंकाळं!

"अरे बापरे!" गर्दी मागं सरली.

मग दुकानातून आणलेलं बॅटरीत घालायचं पाणी घेतलं. नितळच राहिलं. त्यात चिमूटभर मीठ टाकलं, तेही तांबडं झालं.

"रंग पाण्याचा नाही, झिजलेल्या खिळ्याचा आहे," मी म्हणालो. "करंट वाहायला पाण्यात क्षार लागतात. टीव्हीवर ह्या लबाडानं क्षार काढलेलं पाणी ठेवलं, आणि तुम्हाला विकलं विहिरीचं. आरोग्य केंद्रानं ते तपासलंय, त्यात मैल्याचे जंतू निघालेत. जंतू असल्या खेळात दिसत नाहीत. ते उकळल्यानं मरतात."

प्रभावती ग्लासाकडं बघत होती. "म्हणजे... मीच पाजलं?"



वार्ताहरानं सगळं टिपलं होतं. संध्याकाळी दाखवलं फक्त प्रभावतीचं रडणं. खाली लाल अक्षरं: 'नळाच्या पाण्याचा आणखी एक बळी?' आणि लगेच तेजोजलची जाहिरात. आठ दिवस त्या पोरीच्या पोटात नळाचा थेंब गेला नव्हता हो!

आता दर रविवारी मी खिळे आणि चार्जर घेऊन वस्त्यांत जातो. सांगतो, टीव्हीवर दिसलं म्हणून खरं मानू नका, हा ग्लास कुणी भरला ते विचारा. जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी पाजत तडक दवाखाना गाठा.

मागच्या रविवारी रावेतला प्रभावती आपणहून आली. ग्लासात मीठ तिनंच टाकलं. पाणी तांबडं झाल्यावर समोरच्या बायकांना म्हणाली, "बायांनो, मी आठ दिवस पाणी उकळलं नाही. तुम्ही उकळा."