एका सेलची बॅटरी अन् सरपंच

गुरुवारी छावणीच्या बाजारात मी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचा मेंढा त्यांना न विचारता विकला.

असं काहीही घडलेलं नाही. मी बाजारात बॅटरी घ्यायला गेलो होतो, मेंढ्याचा तर विषयसुद्धा नव्हता. वरचं वाक्य तुम्ही वाचलं असेल तर वाचलं नाही असं धरा. मीही ते लिहिलं नाही असं धरून पुढं जातो.

तर बॅटरी. आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात अन् आतल्या बॅटरीला सेल, आणि कुणाचं काही अडत नाही.

मी सुयश. राहायला फुलंब्रीला, कामाला वाळूजच्या एका कंपनीत. तिथं मी दिवसभर रबरी वॉशर गोल आहेत का ते बघतो. बहुतेक असतात. आजोबांनी मेंढरं सोडली तेव्हापासून आमच्या घरात लोकर फक्त स्वेटरमध्ये आहे. ज्ञानेश्वरी शहरातल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. आमचं दोघांचं ठरलेलं होतं. तिच्या वडिलांचं ठरायचं होतं.

तिचे वडील कडुबा. त्यांना सगळे बापू म्हणतात. राहणार फर्दापूर, अजूनही मेंढरं राखतात. त्यांच्या घरात रीत अशी की जावई होऊ घातलेल्या पोरानं सासऱ्याला काठी आणून द्यायची. काठी पसंत तर पोरगा पसंत. ज्ञानेश्वरीच्या थोरल्या बहिणीला आलेल्या एका स्थळाची काठी बापूंनी टेकताच मधोमध तडकली होती. त्या घरात आजही त्या माणसाचं नाव घेत नाहीत, तडक्या म्हणतात.

माझ्या वेळेला बापूंनी निरोप धाडला, "काठ्या लई झाल्या. बॅटरी घ्या. लहान, एका सेलची, चार्जिंगची. अन् मी संगं येणार."

ज्ञानेश्वरीचा सकाळीच मेसेज आला होता : 'पसंत नाही पडली तर बापू भांडत नाहीत. चहा पाजून परत पाठवतात. चहा आला की समज संपलं.'

बाजारात शिरल्यावर जनावरांच्या बाजूनं जावं लागलं. दोन माणसं एका उपरण्याखाली हात घालून, एकमेकांकडं अजिबात न बघता उभी होती. मी थांबलो.

"भाव चाललाय," बापू म्हणाले. "बोटं दाबून सांगायचा. तोंडानं नाय, म्हंजे चारचौघांत कुणाचा कमीपणा होत नाय."

"आणि नंतर कुणी फिरला तर?"

"फिरत नाय कुणी. आख्खा पंजा दाबला की बोलणं संपलं. हात घरातल्या कुणाचाबी असंना. भाऊ असो, पोरगा असो, जावई असो. घरचा हात म्हंजे घराचा शब्द."

जावई म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी बघितलं असं धरलं.

तेवढ्यात बन्सी नावाचा दलाल आडवा आला. डोक्यावर टोपी, खिशात कंगवा, आणि नजर अशी की माणसाकडं बघितलं तरी वजनाचा अंदाज घेतोय असं वाटावं.

"रामराम बापू. सरपंच द्यायचा का?"

"नाय."

"द्याल तवा बगा. तुमची घोंगडी बाजारात उलगडली की बन्सी आलाच समजा."

सरपंच हा बापूंचा मेंढा. तो कळपाच्या पुढं चालतो. तो वळला की कळप वळतो, तो थांबला की कळप थांबतो. गावाला खराखुरा सरपंचही आहे, पण त्याच्यामागं लोक इतक्या शिस्तीनं जात नाहीत.

बॅटऱ्यांचं दुकान म्हणजे एक खाट. खाटेवर शंभर बॅटऱ्या, खाटेमागं अखलाकभाई.

"आवो चाचा, कैसी होना?"

बापूंनी अटी सांगितल्या. बॅटरी दातात मावली पाहिजे, कारण मेंढी विताना दोन्ही हात गुंतलेले असतात. सेल एकच पाहिजे. "तीन सेलच्या बॅटरीत एक मेलेला असतोच. कुठला मेला ते कळंपर्यंत उजाडतं." सेल काढता आला पाहिजे, म्हणजे एक कमरेला अन् एक फर्दापूरच्या हॉटेलात चार्जिंगला. हॉटेलवाला एका चहावर एकच सेल लावू देतो.

मी तयारी करून गेलो होतो. परदेशातला एक माणूस बॅटऱ्या बर्फात पुरतो, उकळत्या पाण्यात टाकतो, त्याचे सगळे व्हिडिओ बघितले होते. "बापू, खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका," मी म्हणालो. "हिच्यावर लिहिलाय तेवढा उजेड खरा असता तर इथून दौलताबादचा किल्ला वितळला असता."

"भाई, धंदे के टाइम ऐसा नको बोलो," अखलाकभाई दुखावून म्हणाले.

शेवटी दोन उरल्या. एक काळी, जाडजूड, पुढं भिंग, मागंपुढं सरकणारी. दुसरी अंगठ्याएवढी, राखाडी. तिला मंद आणि मोठा असे दोनच उजेड, कडेला चार्जिंगचं भोक, आणि पाठीवर क्लिप. मला राखाडी हवी होती. बापूंनी काळी उचलली. पाठीवरून अंगठा फिरवला, पोट चाचपलं, भिंगाचा भाग उघडून आत दात आहेत का बघितल्यासारखं बघितलं. मग चालू केली.

काहीच दिसलं नाही. डोक्यावर मराठवाड्याचं ऊन होतं. त्या उन्हात कुठलीही बॅटरी मेलेलीच दिसते.

"पेटली का?"

"पेटली, बापू."

"मला नाय दिसत."

"अंधेरे में देखना पडता, चाचा," अखलाकभाई म्हणाले.

बापूंनी क्षणभर विचार केला आणि खांद्यावरची घोंगडी उलगडली.

आम्ही आत शिरलो. आम्ही म्हणजे बापू, मी आणि अखलाकभाई, कारण "माल के साथ मालक रहता" असं त्यांचं म्हणणं होतं. भर बाजारात, भर दुपारी, तीन जाणती माणसं एका घोंगडीत. आत लोकरीचा, तंबाखूचा आणि कुणाच्या तरी दुपारच्या कांद्याचा वास होता. माझं कपाळ बापूंच्या कपाळाला टेकलं. सासऱ्याच्या इतकं जवळ माणूस लग्नानंतरसुद्धा जात नाही.

बापूंनी काळी बॅटरी दातात धरली. जबडा एवढा ताणला गेला की डोळे बारीक झाले. त्या अवस्थेत ते मला काहीतरी म्हणाले. ते साधारण "हाहा हू हा हे?" असं होतं.

"होय, बापू," मी म्हणालो.

"हे हा हुहाहा?"

"होय. नक्कीच."

माझं आयुष्य ठरत होतं आणि प्रश्न काय आहेत तेच मला कळत नव्हतं. घाम नाकावरून ओघळला, तो मी पुसला नाही. हललो तर धडपड्या वाटेन, नाही हललो तर मठ्ठ, यातलं काय बरं हे त्या व्हिडिओवाल्यानं कुठंच सांगितलेलं नव्हतं.

बापूंनी बॅटरी हातात घेतली आणि बटण दाबलं. एकदा, दोनदा. चौथ्यांदा दाबलं आणि बॅटरी लुकलुकायला लागली. पांढरा, काळा, पांढरा, काळा. अखलाकभाईंचा चेहरा यायचा अन् जायचा. बापूंचा यायचा, आणि दर वेळी आधीपेक्षा रागीट यायचा.

"हे काय?"

"इमर्जन्सी के वास्ते."

"ह्यानं मेंढरं दरीत जातील! बंद कर!"

"तुमीच दबारे ना, चाचा! जोर से दबाव!"

बाहेर गलका वाढला होता. कडुबाची घोंगडी भर बाजारात उलगडली, आत माणसं आहेत, आणि आतून विजा चमकतायत. असला सौदा छावणीनं पाहिला नव्हता.

बॅटरी विझली. त्या लखलखाटानंतरचा अंधार म्हणजे निव्वळ डांबर. बापूंचे दोन्ही हात काळ्या बॅटरीवर, अखलाकभाईंच्या दोन्ही मुठीत सेल. घोंगडीत माझा उजवा हात तेवढा रिकामा होता, हे पुढं सगळ्यांनी मान्य केलं.

त्या हातात एक हात आला.

खरबरीत, मोठा, शेळ्यामेंढ्यांचा वास असलेला. त्यानं माझी बोटं धरली, एकेक करून दाबली, थांबला, परत दाबली. मला वाटलं बापू. तोंडानं न बोलता पसंती सांगतायत. चारचौघांत कमीपणा नको म्हणून. माझे डोळे भरून आले. आणि मी होतं तेवढं बळ लावून तो आख्खा पंजा दाबला.

हात गेला. बाहेर बन्सी ओरडला, "झाला! सरपंच झाला!"

घोंगडी बाजूला झाली. उन्हानं आम्ही तिघं आंधळ्यासारखे उभे राहिलो. भोवती पन्नास माणसं. बन्सी हात वर धरून उभा, जणू हातावर भाव छापला होता. कंगवा काढून त्यानं टोपीखालचे केससुद्धा विंचरून घेतले.

बापूंनी आधी आपल्या हातांकडं बघितलं. हातात बॅटरी होती. मग माझ्या हाताकडं बघितलं.

"किती बोटं दाबली?" त्यांनी हळू विचारलं.

"आठवत नाही, बापू. सगळीच होती."

गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं काठी आपटली. "घोंगडी कडुबाची. पण हात कुणाचा? ह्यो पोरगा कोण?"

एक शेळी ओरडली, तिला कुणीतरी गप्प केलं.

आता काय झालं होतं ते मला एकदम कळलं. मी परका असेन तर हात वाया गेला, सौदा नाही, सरपंच घरी. मी जावई असेन तर घरचा हात, घराचा शब्द, आणि मेंढा बन्सीचा. बापूंनी एक वाक्य बोलायचं होतं. त्या वाक्यात एकतर मेंढा मावत होता नाहीतर मी.

बापू काळी बॅटरी या हातातून त्या हातात करत राहिले. त्यांनी सरपंचाला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, मला त्यांनी अजून पाणीही विचारलं नव्हतं. कडेनं एक पोरगं चहाची किटली घेऊन आमच्याच दिशेनं येताना दिसलं.

मेंढा तरी वाचवावा म्हणून मी पुढं झालो.

"मी कुणी नाही," मी म्हणालो. "मी गिऱ्हाईक आहे. ह्या काकांना मी ओळखतसुद्धा नाही."

बापूंची मान गर्रकन वळली.

"काय म्हणलास?"

"ओळखत नाही," मी म्हणालो आणि त्यांना डोळा मारला. उन्हात डोळे आधीच मिचमिचत होते, त्यामुळं तो डोळा मारल्यासारखा दिसला नाही.

"वळखत नाय? माझ्या घोंगडीत शिरून, माझ्या कपाळाला कपाळ लावून, मला वळखत नाय?" बापूंचा आवाज चढत गेला. "तुझ्या घरी मी जेवून आलो! तुझ्या आईनं मला दोनदा पुरणपोळी वाढली! पन्नास माणसांत मला परका म्हणतो? अरं, जावई हायस तू माझा!"

तो शब्द बाजारभर गेला. कुठंतरी पत्र्याला लागून परतही आला.

"जावई," बन्सी शांतपणे म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलं."

बापूंनी काळी बॅटरी अखलाकभाईंच्या खाटेवर ठेवून दिली आणि हात पुढं केला. मी राखाडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दातात धरली. अलगद बसली.

"ही घ्या," दातांतून ते म्हणाले, आणि या वेळी प्रत्येक अक्षर समजलं.

चहावालं पोरगं आलं. "चहा?"

"नको!" मी आणि बापू एकदमच ओरडलो.

फर्दापूरच्या एसटीत बापू खिडकीशी बसले. फुलंब्री आलं, मी उठायला गेलो, तर त्यांनी माझा शर्ट धरला. मी बसलो. ज्ञानेश्वरीचा मेसेज आला : 'काय झालं? पसंत पडली का?'

'हो,' मी लिहिलं.

'बॅटरी की तू?'

'दोन्ही. फक्त सरपंच गेला.'

मग आलं : 'गेला म्हणजे??' आणि त्यानंतर, मी उत्तर लिहायच्या आत : 'सुयश, तू काय केलंस?'

सिल्लोड मागं पडल्यावर बापू पहिल्यांदा बोलले. "मेंढरं सरपंचाच्या मागं चालायची."

"हो, बापू."

"आता म्होरं कुणीतरी पायजे. नवा मेंढा तयार व्हायला टाइम लागतो." त्यांनी खिशातून राखाडी बॅटरी काढली, मंद उजेडावर लावली आणि क्लिप माझ्या शर्टाच्या मागच्या कॉलरला अडकवली. "उजेड दिसला की येतील मागं. शिकतील. तुमी बी शिकाल. नुसतं पळायचं नाय."

"कशापासून?"

"डोंगराच्या अंगाला बिबट्या हाय म्हणत्यात," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

काल दिवस कलायला लागल्यावर मी पहिल्यांदा पुढं चाललो. मागं सगळा कळप, त्याच्यामागं बापू. मी थांबलो की कळप थांबतो. मी वळलो की वळतो. वॉशरसुद्धा माझं इतकं ऐकत नाहीत. मान मागं वळवायची परवानगी नाही, कारण मग उजेड सरकतो आणि मेंढरं भलतीकडं जातात. म्हणून मागं जे वाजतं ते मेंढरूच आहे असं धरून मी चालतो. एका ठिकाणी ते उजव्या बाजूनंही वाजलं. उजवीकडं मेंढरं नव्हती.

सेल हॉटेलात चार्जिंगला आहे. तो होईपर्यंत खालील मजकूर लिहून घेतला आहे.

प्रति, मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग. विषय : पगारी कर्तव्यरजा मिळण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा सरपंच (मेंढा) यांच्या रिक्त जागी प्रभारी म्हणून रुजू झाला असून, सदर पदास बदली कर्मचारी उपलब्ध नाही. तरी नवीन मेंढा नियमित सेवेत येईपर्यंत अर्जदाराची उपस्थिती वॉशर तपासणी विभागात ग्राह्य धरण्यात यावी, अर्जदारास मेंढा पदाचा जोखीम भत्ता देय करण्यात यावा, आणि अर्जदारास स्वतः मागे वळून पाहण्याची मुभा नसल्याने, त्याच्या उजव्या बाजूस नेमके कोण चालत आहे याची कंपनीच्या सुरक्षा विभागामार्फत समक्ष पाहणी करून तसे लेखी, शक्यतो आज दिवस मावळण्यापूर्वी, कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.