नळासारखा पिरगाळलेला खटका

मी सायकलच्या पुढच्या चाकाचा एक जुना खटका आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. तुमच्यापैकी किती जण त्या लायकीचे आहेत, ते तुमचे तुम्हीच ठरवा.

जन्म. कारखान्यात झाला. पुढे.

काम. चाकातून एक बारीक दांडी आरपार जाते. तिच्या एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला मी. नट थोडा आवळायचा आणि मला मिटायचे, की चाक जागच्या जागी जखडते. मला मिटायचे असते, फिरवायचे नसते. पण माणसाच्या हाती काहीही द्या, तो ते नळासारखे पिरगाळतो.

कौतुक. कोणी केले नाही.

आता या घराविषयी. आत्या सायकली दुरुस्त करते. तिचे मोठे भाऊ विम्याच्या कचेरीत बसतात आणि त्यांना जगातले सगळे कळते. घर बदलताना सायकल गाडीत मावेना, म्हणून चाक काढले होते. आज सकाळी ते त्यांनी स्वतः बसवले. मला गरागरा फिरवले आणि तसेच उघडे सोडले. मग सीट वर ओढली. सीटच्या दांडीवर एक रेघ कोरलेली असते, ती नळीच्या आतच राहायला हवी. ह्यांनी ती दोन बोटे बाहेर काढली. वर हात झटकले, जणू पूल बांधून उठले.

त्यांची लेक म्हणाली, "बाबा, हा खटका असा बाहेर असतो का?"

"पंचवीस वर्षं सायकल चालवलीय मी. तू मला शिकवणार?"

"त्या सायकलींना दोन्हीकडे नट होते ना?"

"नट काय अन् खटका काय, आवळलं की झालं. नीघ, पहिल्याच दिवशी उशीर नको."

पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवायची नोकरी तिला लागली होती. तलाव उताराच्या तळाशी. उतार असा, की ब्रेकसुद्धा देवाचे नाव घेतात.

तिचे नशीब, की तिला आत्याचे वळण होते. बसण्याआधी तिने सायकल पुढून उचलली आणि चाकाला वरून एक गुद्दा घातला.

चाक निखळले. घरंगळत गेले आणि बाबांच्या चपलेला टेकून आडवे झाले.

आवाजाने आत्या बाहेर आली. चाक पाहिले, सीट पाहिली.

"दादा, पोरीचा विमा तरी काढलायस का?"

पंचवीस वर्षे सायकल चालवलेल्या माणसाने चाक उचलले.

आत्याने सीट रेघ झाकेपर्यंत खाली दाबली, आवळली. पाना बाजूला ठेवला. "चाक तूच बसव."

त्यांनी बसवले. नट जरा आवळला, मला मिटू लागले.

"गोंजारतोयस काय? तळहाताने दाब!"

त्यांनी दात आवळून दाबले. मी मिटलो. हात उघडला, तर तळव्यावर माझा लाल वळ.

"हां," आत्या म्हणाली, "एवढा उठायलाच पाहिजे."

लेकीने दोन गुद्दे घातले. चाक हलले नाही. ती उतारावरून गेली आणि बाबा ती दिसेनाशी होईपर्यंत तो तळवा चोळत उभे राहिले.

तेव्हा मित्रांनो, वळ उठेपर्यंत दाबा. हाताला एवढे सोसत नसेल, तर निदान त्या सायकलवर दुसऱ्याच्या लेकराला बसवू नका.