मधाआधीचं दूध

अपेक्षाचं सिझर आदल्या संध्याकाळी झालं होतं. अमरावतीच्या त्या दवाखान्यात चांगली सकाळ झाली, तरी पोरगी एकदाही तिच्या छातीशी आली नव्हती. कारण काय, तर कुलदीप यायचा होता!

कुलदीप म्हणजे धाकटा दीर, अकोल्याला इंजिनिअर. पहिला मध जो चाटवेल त्याच्या वळणावर लेकरू जातं, असं सासूबाईंचं, गोदाबाईंचं ठाम मत. आईच्या वळणावर गेलं तर जसं काही आभाळच कोसळणार होतं! मधाआधी आईचं दूध चालत नाही म्हणे. पोरगी भुकेनं रडली तेव्हा डब्याचं मात्र बिनबोभाट चाललं.

"ते काय दूध हाय? पावडर हाय," गोदाबाई म्हणाल्या. "अन् सिझरवालीले लवकर दूध येतच नाही."

अपेक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. कुशीवर वळायला गेली तर टाके असे ओढले की डोळ्यांत पाणी आलं. पाळणा खाटेला लागून, पण तिचा हात काही तिथवर पोचेना. नवरा खिडकीशी मोबाइल बघत उभा. सगळ्यात जास्त संताप तिला त्याचाच आला.

"नितेश, पोरीले माह्याजवळ दे."

"थांब ना जराशी. बडनेऱ्यापर्यंत आला तो."

"पोट कापलं माह्यं, छाती नाही कापली!" टाक्यांवर उशी दाबून ती ओरडली. "देतो, का उतरू मी खाली?"

तिनं खरंच सलाईनच्या नळीला हात घातला. नितेशनं घाबरून पोरगी उचलली आणि तिच्या कुशीत ठेवली.

पण डब्याच्या दुधानं पोरगी सुस्तावलेली. तोंडच उघडेना.

"पाह्य, सांगतलं होतं न मी," गोदाबाई म्हणाल्या.

अपेक्षा रागानं रडली, पण पोरीला सोडलं नाही. "माह्या पाठीले उशी लाव अन् इथंच उभा राय," तिनं नवऱ्याला बजावलं. त्यानं उशी लावली आणि तिथंच उभा राहिला. बऱ्याच वेळानं पोरगी चुळबुळली, तोंडानं चाचपडू लागली आणि एकदाची चिकटली. थेंब थेंब पिवळा चीकच होता, पण पोरगी गटकत होती.

तेवढ्यात कुलदीप मधाची बाटली घेऊन आत आला आणि दारातच थबकला.

"भाऊजी, भाकरीसंगं खा तो," अपेक्षा म्हणाली.

गोदाबाईंनी कपाळावर हात मारला. "आता कोणाच्या वळणावर जाईन हे पोरगी?"

अपेक्षानं मान वर केली नाही.

"माह्या."