टपालवाल्या वर्नाची साक्ष

वर्ना टटल एकोणीस वर्षं आमच्या कॅन्ससच्या कोपऱ्यात टपाल वाटत होती, तेही स्वतःच्या गाडीतून. रोज ब्याण्णव मैल. गाडी गॅलनला एकवीस मैल देते, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

पेट्रोल चार डॉलरवर गेलं त्या उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ डेलमर एक बरणी घेऊन आला. "बॅटरीची वीज पाण्यात सोडायची. हायड्रोजन निघतो, नळीनं इंजिनात जातो. पेट्रोल निम्मं!"

"आणि बॅटरीला वीज कोण देतं?"

"इंजिन."

"म्हणजे पेट्रोलच की!"

"तू ना, प्रत्येक गोष्टीला नाट लावतेस. बसवून तर बघ."

तिनं बसवली. पहिल्या आठवड्यात तेवीस मैल! डेलमर अंगणात नाचला. वर्नाही खूश झाली. पण मग तिच्या ध्यानात आलं की बरणी लावल्यापासून आपण गाडी अंड्यांची टोपली नेल्यासारखी हाकतोय. दुसऱ्या आठवड्यात तिनं बरणीची वायर काढली आणि तशीच हळू चालवली. तेवीस. तिसऱ्या आठवड्यात वायर जोडून नेहमीसारखी चालवली. साडेवीस.

तोवर डेलमरनं आठ बरण्या विकल्या होत्या आणि रविवारच्या जत्रेत वर्नाचं भाषण ठरवून टाकलं होतं.

"फक्त पहिला आठवडा सांग," तो म्हणाला. "ते काही खोटं नाही."

"अर्धं सांगणं म्हणजे खोटंच."

जत्रेत तिनं माईक हातात घेतला आणि तिन्ही आठवडे सांगितले. मांडवात गलका उठला. मागून कुणीतरी ओरडलं, "तेल कंपनीनं किती चारले गं?"

"तेल कंपनीनं मला आजवर फक्त बिलं दिलीत!" वर्ना कडाडली. "ही घ्या किल्ली. वायर जोडून चालवा, काढून चालवा. पण रोज चालवता तशीच चालवा. आहे कुणाची छाती?"

कुणी हललं नाही. मग लालबुंद झालेल्या डेलमरनंच पुढे येऊन किल्ली हिसकावली. "खोटी ठरलीस तर इथेच माफी मागायची!"

"मागेन. आणि तू?"

तो किल्ली खिशात टाकून मांडवाबाहेर पडला.

पुढचे दोन रविवार त्यानं तिची गाडी नेहमीसारखी चालवली, एकदा वायर जोडून, एकदा काढून. दुसऱ्या रविवारी दुपारी परत आला, बॉनेट उघडलं आणि बरणी सोडवायला लागला. वर्ना पायरीवर उभी होती.

"जोडून साडेवीस," तो शेवटी म्हणाला. "काढून एकवीस. वीज बनवायलाच जास्त पेट्रोल जातं."

"कॉफी घेतोस?"

"नको. आठ घरी जायचंय."

सात जणांनी बरण्या परत दिल्या. दोघांनी शिव्याही दिल्या. आठवा ऑर्व्हिल पेनर. तो दारातच म्हणाला, "माझी मस्त चालतेय. बहिणीला घाबरलास होय रे?"

"हो, घाबरलो," डेलमर म्हणाला. "आता बॉनेट उघड."

ऑर्व्हिलनं दार लावून घेतलं. डेलमरनं पुन्हा ठोठावलं.