मळेवाडीच्या वाटेवरचं गेट

गंगापूर रोडच्या पुढे, मळेवाडीच्या शिवाराला लागून जी नवी वसाहत उभी राहिली, तिचा आराखडा भाग्यश्रीने काढला होता. पालिकेचं धोरण तेव्हा नुकतंच आलं होतं. चारही बाजूंनी भिंत घालू नका, आरपार गल्ल्या ठेवा, तळमजल्यावर दुकानं आणि दवाखाना द्या, माणसांना सगळं पायी जाऊन मिळू द्या. असं केलं तर वर दोन मजले जास्त बांधायला परवानगी. बिल्डरला मजले हवे होते, भाग्यश्रीला गल्ल्या. मळेवाडीची माणसं शेतांमधून ज्या पायवाटेने बसथांब्यावर यायची, ती तिने नकाशात जागची हलू दिली नाही. उलट रुंद करून तिचीच गल्ली केली, कडेला कडुनिंब लावायला लावले, बसायला कट्टे दिले. काम संपल्यावर तिने आणि तिच्या नवऱ्याने, मयुरेशने, तिथेच तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला.

पहिलं वर्ष छान गेलं. मळेवाडीची बयाबाई सकाळी मेथी-कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन गल्लीच्या तोंडाशी बसायची. सोसायटीतल्या बायका खाली उतरून तिच्याकडून भाजी न्यायच्या, गावातली पोरं त्याच गल्लीने शाळेला जायची.

मग कोणाची तरी सायकल चोरीला गेली. ती कोणी नेली हे कधीच कळलं नाही, पण महिनाभरात गल्लीला मळेवाडीच्या बाजूने लोखंडी गेट बसलं आणि त्याला कुलूप लागलं. सोसायटीचे चेअरमन शेखर निकम यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला. खाली शाबासकीच्या अंगठ्यांची रांग लागली.

आता गावातल्या माणसांना बाहेरच्या रस्त्याने वळसा घालावा लागायचा. त्या रस्त्याला फुटपाथ नव्हता आणि दिवसभर विटांचे टेम्पो धावत. पंधरवड्याच्या आत त्यातल्याच एकाने बयाबाईला उडवलं. मांडीचं हाड मोडलं.

भाग्यश्रीला हे वॉचमनने सांगितलं. ती तशीच निकमांच्या दारात गेली.

"ऐकून वाईट वाटलं," निकम म्हणाले. "पण मॅडम, त्यात गेटचा काय संबंध? गाडीवाल्याने बघून चालवायला नको का?"

"ती त्या रस्त्यावर का होती, सर?"

"हे बघा, आपण सिक्युरिटी बघून इथे घर घेतलंय. उद्या काही झालं तर लोक मलाच विचारतील."

"झालंय. म्हणूनच विचारायला आलेय."

निकमांनी विषय रविवारच्या मीटिंगवर ढकलला. क्लबहाऊसमध्ये गर्दी झाली. भाग्यश्री उभी राहिली.

"ती गल्ली आपल्या मालकीची नाही. ती सगळ्यांना खुली राहील, या अटीवर ही वसाहत मंजूर झाली. नकाशा मी काढलाय, म्हणून सांगतेय. निकम सर, तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?"

"सातव्या. का?"

"इथे परवानगी पाचच मजल्यांची होती. वरचे दोन त्या गल्लीच्या बदल्यात मिळाले. गल्ली बंदच करायची असेल, तर आधी ते दोन मजले उतरवा."

मागे कोणीतरी हसलं. सहाव्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, "तुमचं काय जातं? तुम्ही तिसऱ्यावर." निकमांनी हात वर करून मत द्यायला सांगितलं. गेट बंद ठेवण्याच्या बाजूने जवळजवळ सगळे हात वर गेले. ज्या हातांनी रोज बयाबाईची मेथी शिजवली, तेही हात त्यात होते. बाजूच्या खुर्चीवर मयुरेशने हात वर केला नाही, पण तो तिच्या बाजूनेही बोलला नाही.

घरी आल्यावर तो म्हणाला, "अगं, आपल्याला याच लोकांत राहायचंय."

"मग मळेवाडीवाले कोणात राहतात? ते आपले शेजारी नाहीत?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"तू काहीच म्हटलं नाहीस, मयुरेश. तिथे एक शब्द तरी बोलायचा होतास."

सोमवारी तिने पालिकेत तक्रार दिली. मंजूर नकाशा जोडला, गेटचा फोटो जोडला, खाली स्वतःचं नाव आणि फ्लॅटचा नंबर लिहिला. अधिकारी येऊन पाहून गेले. सोसायटीला नोटीस आली, निकमांनी वकील दिला, वकिलाने नकाशातली अट वाचली आणि गेट काढून टाकण्याचा सल्ला दिला. शेवटी गॅस कटर लावून ते कापलं. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये भाग्यश्री शिरली की आतलं बोलणं थांबू लागलं.

तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. ती संध्याकाळी चालत मळेवाडीत गेली. बयाबाई ओट्यावर पाय लांब करून बसली होती, शेजारी वॉकर.

"मावशी, वाट मोकळी झाली. बऱ्या झालात की पुन्हा येऊन बसा."

बयाबाईने वॉकर जरा बाजूला सरकवला.

"पोरं जातील की. शाळा हाय त्यांची. मी नाय यायची."

"का?"

"कुलूप लावलं तव्हा खिडकीतून बघत व्हत्या समद्या. मी गेटाला धरून हाका मारल्या, म्हटलं येवढं आजच्या दिवस जाऊ द्या. माझीच गिऱ्हाईकं त्या. येकीनं पडदा वढून घेतला." तिने पदराने गुडघा झाकला. "ताई, तुमी भांडल्या, मला समजलं. पर त्यांच्या हातात आता मी भाजी नाय देनार."

बयाबाईच्या सुनेने चहा आणला. तो पिऊन भाग्यश्री निघाली आणि गल्लीतून परतली. कट्ट्यावर सहाव्या मजल्यावरच्या त्या बाई आणखी दोघींबरोबर बसल्या होत्या.

"भाग्यश्री, आता गेट निघालंय तर ती भाजीवाली येईल ना गं? बाजारातल्या मेथीला तशी चव नाही."

"नाही येणार," भाग्यश्री म्हणाली. "आणि का येणार नाही, ते तुम्हीच मळेवाडीत जाऊन तिला विचारा. चालत पाच मिनिटं लागतात."

भाग्यश्री जिना चढून वर गेली. राग अजून उतरला नव्हता, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.