वृकवीर, मुक्काम वडीगोद्री

माझ्या धाकट्या भावानं मला लांडगा केला, अन् वरून माझा पत्ता छापला. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर माझा फोटो, खाली मजकूर: 'वृकवीर ज्याच्यावरून सुचला तो माझा मोठा भाऊ मच्छिंद्र, रसवंतीवाले, मुक्काम वडीगोद्री, हायवेच्या कडेला.' वृक म्हंजे लांडगा, हे बी त्यानंच सांगितलं. शिकलेला माणूस साधं बोलंल तर शपथ.

अंगद पुण्यात राहतो, पोरांसाठी चित्रांची पुस्तकं काढतो. त्यातलं हेच गाजलं. वृकवीर हाये माणूस, पण सवयी लांडग्याच्या: वास घेतो, कान टवकारतो, अन् संकट आलं की थेट झेप घेतो. तीन जागी लिहिलंय, 'तो विचार करत नाही.' तव्हापासून हायवेवरच्या गाड्या माझ्या दुकानापुढं थांबून राह्यल्या. रस पितात, सेल्फी काढतात. एक पोरगं म्हणलं, काका, वास घेऊन सांगा माझ्या डब्यात काय हाये. म्हणलं, बाबा, मला सर्दी झालीय.

लोकांना हसू येतं, मला न्हाई येत. त्या पुस्तकातलं खरं काय होतं ते मला ठाऊक हाये.

तीस वर्षं झाली. पुस्तकात अंगावर येतो तसा लांडगा-बिंडगा काही नव्हता, पिसाळलेलं कुत्रं होतं. आम्ही तिघं शेतात बोरं वेचत होतो. मी अकरा वर्षांचा, अंगद सहाचा, अन् शेजारच्या द्वारकाकाकूची विमल, ती बी सहाचीच. कुत्रं बांधावरून आलं, तोंडाला फेस. विमल माझ्यापासून दोन हातांवर होती, अंगद लांब बोरीपाशी. अन् मी इचार केला. चांगला इचार केला. दोघं उचलले जाणार न्हाईत, हे कळलं. मायला काय तोंड दाखवू, हे बी मनात आलं. मंग विमलला ओलांडून पळालो, अंगदला उचललं अन् बैलगाडीवर चढलो. कुत्र्यानं विमलचं तोंड फोडलं. इंजेक्शनं दिली, तरी महिन्याच्या आत पोर गेली. मी सगळ्यांना सांगितलं, विमल मला दिसलीच न्हाई.

पुस्तकात विमल न्हाईच. वृकवीर चालून आलेल्या लांडग्याला फाडतो अन् लहान भावाला खांद्यावर घेऊन घरी येतो, बस.

मी अंगदला फोन लावला. म्हणलं, खरं काय झालं ते ऐक, अन् विमल कुठं गायब केली ते सांग. तो म्हणला, "दादा, मला ती आठवतच न्हाई." असा राग आला! ज्याच्यापायी ती गेली, त्याला ती आठवत न्हाई! रोज फोन करून डोकं खाल्लं त्याचं, तव्हा कबूल झाला. दुसरी आवृत्ती सोमवारी छपाईला जाणार होती, तिच्यात विमलचं पान घालतो म्हणला. वृकवीर इचार करतो अन् दोघांतला एक निवडतो, असं बिलकुल खरं. मला लय हलकं वाटलं. गाव माझ्या तोंडावर थुंकलं तरी चालंल, पण एकदाचं बाहेर पडू दे.

शनिवारी दुपारी द्वारकाकाकू दुकानात आली. तीस वर्षांत ही बाई माझ्या सावलीला उभी राह्यली न्हाई. बसची वाट बघायची तरी समोर उन्हात. आज पदराखाली पुस्तक होतं.

"नातीनं वाचून दाखवलं," ती म्हणली. "दोनदा वाचायला लावलं मी."

"बस काकू."

"बसायला न्हाई आले. ह्यात लिहिलंय, तू इचार करत न्हाईस. आपलं रगत दिसलं की झेप घेतोस. त्या दिवशी बी तसंच झालं का रे?"

मी हातातला ग्लास फडक्यानं पुसाया लागलो.

"मला वाटायचं, तू माझ्या लेकीकडं बघितलं अन् मंग सोडलं. तीस वर्षं तुझ्या नावानं बोटं मोडली, मच्छिंद्रा. आता थकले. जनावरावर कोण राग धरतं? तू बघितलं न्हाईस ना तिला?"

बघितलं होतं. तिनं माझा सदरा धरला होता, तिची बोटं मी सोडवली होती. हे मी अंगदला बी सांगितलेलं न्हाई.

"न्हाई काकू," मी म्हणलं. "डोक्यात काहीच नव्हतं. जनावरच झाल्तो."

ती मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावून रडली. मंग नाक पुसून म्हणली, "रस दे. बरफ नको टाकू, दात ठणकतात." मी चरकात ऊस घातला. अर्धा ग्लास प्याली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, अन् बस आल्यावर निघून गेली.

मी अंगदला फोन लावला. "ते पान काढून टाक."

"दादा, चार दिवस झोपलो न्हाई त्या पानापायी! तूच म्हणला होता ना, खरं छाप म्हणून?"

"म्हणलो होतो. आता नको म्हणतो."

"पण काहून?"

"काहून म्हंजे? जनावराला कारण इचारतात का? तुझ्याच पुस्तकात बघ."